आच किती द्यायची?

नारायणगावातून पूर्वेला खोडदच्या रस्त्याला लागलं, की कांद्याच्या आणि उसाच्या शिवारातून एकदम प्रचंड तबकड्या डोकं वर काढतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं, तर तबकडीत पत्रा कुठेच नाही. जाळीतून आरपार आभाळ दिसतं. ०.५५ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस पोलादाची तार, तिची विणलेली जाळी आणि ती ताणून धरणारे पोलादी दोर, एवढाच सगळा मामला. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेली ही रचना. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. अशा ३० तबकड्या मिळून ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजे जीएमआरटी होते. १४ खोडदच्या आसपास एकवटलेल्या, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. दोन टोकांमधलं जास्तीत जास्त अंतर २५ किलोमीटर.

दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, इथं शाळकरी मुलांची झुंबड उडते. आजच्या मुलाला इथं एक प्रश्न पडायला हरकत नाही. विमानं कार्बन फायबरची होतात, शर्यतीच्या सायकली कार्बन फायबरच्या होतात, बागेत फवारणीला येणाऱ्या ड्रोनचे काळे हातसुद्धा बहुधा त्याचेच असतात. कार्बन फायबर पोलादापेक्षा मजबूत आणि कितीतरी हलकं, असं सगळे सांगतात. मग ही तबकडी पोलादाची का?

‘तेव्हा परवडलं नसतं’ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. मजबूत म्हणजे नेमकं काय, आणि ती मजबुती वस्तूत येते कुठून, हे त्यातून कळत नाही. ते कळायचं तर आगीपाशी जावं लागतं. आणि आगीशी रोजचं काम असलेला माणूस जुन्नर-आंबेगावात शोधायला लांब जावं लागत नाही.

लोहाराचं पाणी

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं झाली आणि या दोन तालुक्यांत ऊस पसरला. जुन्नरात निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावात दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात आणि लोहाराकडे कोयत्यांची गर्दी होते.

कोयत्याला लोहार पसंती देतो ती ट्रकच्या जुन्या पाट्यांना. या पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. पाता ठोकून आकाराला आला, धार काढून झाली, की खरं काम सुरू होतं. पाता भट्टीत लालभडक होईपर्यंत तापवायचा. रंग पाहून ओळखायचं. थर्मामीटर लावला तर तो ८०० अंशांच्या वर दाखवेल. मग सांडशीत धरून फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवायची. चर्रकन आवाज होतो, वाफ उठते, धार विझते. पाठीकडे मात्र धग शिल्लक असते. पाता बाहेर काढून धारेवरची काजळी विटेच्या तुकड्यानं चटकन घासायची आणि डोळे तिथेच रोखून बसायचं. पाठीकडची धग धारेकडे सरकत येते आणि घासलेल्या चकचकीत पोलादावर रंग धावू लागतात. आधी फिकट गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेला पोचला की पाता पुन्हा पाण्यात. एक-दोन सेकंदांचा उशीर झाला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे रंग म्हणजे पोलादावर चढलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. गव्हाळ रंग साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. पहिल्या बुडवणीत पोलाद इतकं झपकन थंड होतं, की लोखंडाच्या अणूंच्या रचनेतून कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो, रचना ताणून धरतो, आणि पोलाद काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं. दुसऱ्या, हलक्या धगेनं त्यातला थोडा कार्बन सुटा होतो, थोडा कडकपणा जातो आणि बदल्यात चिवटपणा येतो. गिऱ्हाईक हे शास्त्र जाणत नाही, पण मागणी अचूक करतं. “मामा, मागच्याला दात पडले. औंदा जरा मऊ पाणी द्या.” दात पडले म्हणजे धारेचे कण उडाले. मऊ पाणी म्हणजे धारेला गव्हाळावर न थांबवता थोडं पुढं जाऊ द्यायचं. धार लवकर बसेल, पण तुटणार नाही.

यात एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती इथं नोंदवून ठेवू. पाणी दिलेला पाता आणि न दिलेला पाता, दोन्ही सारख्याच मापाचे, एका टोकाला पकडून दुसऱ्या टोकाला सारखंच थोडं वजन टांगलं, तर दोन्ही जवळजवळ सारखेच वाकतात. वजन वाढवत गेलं की फरक उघडा पडतो. मऊ पाता वाकलेलाच राहतो, पाणी दिलेला पाता वजन काढताच सरळ होतो. पोलादाला आच देऊन त्याची ताकद बदलता येते. ताठपणा मात्र बदलत नाही. वाकायला किती जोर लागतो हा ताठपणा, आणि किती जोरानंतर तो कायमचा वाकतो किंवा तुटतो ही ताकद. रोजच्या बोलण्यात आपण या दोन्हींना ‘मजबुती’ म्हणून एकाच पोत्यात घालतो. कार्बनच्या धाग्यात हाच घोळ महागात पडतो, कारण तिथं आच दोन्ही गोष्टी बदलते, आणि एका हद्दीनंतर उलट्या दिशांनी बदलते.

लोकरीपासून काळ्या धाग्यापर्यंत

कार्बन फायबर म्हणजे जळून गेलेला नव्हे, जळू न दिलेला धागा. लोणारी कोळशाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तत्त्व सांगावं लागणार नाही. लाकडं रचून वर पाला आणि माती लिंपायची, हवा कोंडायची. लाकडातलं पाणी, धूर, डांबर निघून जातं आणि कार्बन मागं राहतो. थॉमस एडिसननं १८७९ मध्ये विजेच्या दिव्यासाठी सुती दोऱ्याचं आणि पुढच्या वर्षी बांबूच्या काडीचं हेच केलं. पण त्याचा धागा उजेड देण्यापुरता होता, ओझं पेलण्यासाठी नव्हता.

ओझ्याची गोष्ट सुरू झाली १९५८ साली, अमेरिकेत. युनियन कार्बाइड हे नाव आपल्याकडे भोपाळमुळे वेगळ्याच अर्थानं माहीत आहे. त्याच कंपनीच्या ओहायोतल्या पार्मा इथल्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन या तरुण शास्त्रज्ञाला अतिशय उच्च तापमानाचे प्रयोग करताना ग्रॅफाइटचे केसासारखे तंतू सापडले. मोजल्यावर त्यांची ताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००० किलो भरली. ते प्रयोगशाळेतलं नवल होतं, त्याचा कारखाना उभा राहण्यासारखा नव्हता. पण कार्बनमध्ये केवढी ताकद दडलेली आहे, हे त्यानं दाखवून दिलं.

कारखान्याची वाट जपानमध्ये सापडली. ओसाकाच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी १९५९ च्या सुमारास पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा धागा निवडला. नाव अवघड असलं, तरी वस्तू घरातली आहे. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर याच कुळातली. तो धागा थेट भट्टीत घातला, तर वितळून किंवा पेटून त्याचा चिखल होईल. म्हणून आच टप्प्याटप्प्यानं द्यायची.

पहिला टप्पा हवेतच, २०० ते ३०० अंशांवर. पांढरा धागा पिवळा होतो, मग तपकिरी, मग काळा. आत साखळीसारखे लांबट रेणू शिडीसारखे जोडले जातात आणि मग धागा वितळत नाही. हा टप्पा सगळ्यात हळू आणि सगळ्यात धोक्याचा, कारण या बदलात धागा स्वतःच उष्णता सोडतो. घाई केली तर भट्टीत आगही लागू शकते. किंवा वरची साल पक्की होते, गाभा कच्चा राहतो, आणि पुढच्या भट्टीत तो गाभा वायू होऊन उडून जातो आणि धागा आतून पोकळ होतो. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये विल्यम वॅट, लेस्ली फिलिप्स आणि जॉन्सन यांनी १९६०च्या दशकात दाखवलं, की याच टप्प्यात धागा ताणून धरला, आखडू दिला नाही, तर आतले रेणू लांबीच्या दिशेला ओळीत येतात. तिथपासून कामाचा कार्बन फायबर सुरू झाला.

दुसरा टप्पा नायट्रोजनमध्ये, म्हणजे हवा कोंडलेल्या भट्टीत, १,००० ते १,५०० अंशांवर. हायड्रोजन आणि नायट्रोजन वायू होऊन बाहेर पडतात. त्यात विषारी हायड्रोजन सायनाइडही असतो. धाग्याचं वजन जवळपास निम्म्यावर येतं, जाडी कमी होते. उरतो तो ९० टक्क्यांहून जास्त कार्बन. अशा एका तंतूची जाडी सुमारे ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहावा भाग. तिसरा टप्पा ऐच्छिक: आर्गॉन वायूत २,००० ते ३,००० अंश. इथं कार्बनचे अणू ग्रॅफाइटच्या थरांत अधिकाधिक शिस्तीत बसतात.

जास्त आच, कमी ताकद

साधा अंदाज असा, की जितकी जास्त आच तितका शुद्ध कार्बन, जितका शुद्ध कार्बन तितका मजबूत धागा. फार्नबरोच्या मोजमापांत ताठपणाचं तसंच झालं. तापमान चढत गेलं तसा तो चढतच गेला. ताकदीनं मात्र वेगळी वाट धरली. ती साधारण १,३०० ते १,६०० अंशांच्या दरम्यान कळसाला पोचली आणि पुढं उतरू लागली.

जपानच्या तोरे कंपनीचे दोन जुने, गाजलेले धागे शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसतं. टी-३०० हा मधल्या टप्प्यावर थांबवलेला, एम-४० हा तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेलेला. टी-३०० चा ताठपणा २३० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या २०० पेक्षा थोडाच जास्त. एम-४० चा ३९२, पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. ताकदीत मात्र उलटं. टी-३०० दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३६० किलो पेलतो, एम-४० सुमारे २८० किलो. टी-३०० तुटण्याआधी दीड टक्का लांबतो, एम-४० पाऊण टक्कादेखील नाही. आणि दोन्हींची घनता पोलादाच्या पाव भागाहून कमी. टी-३०० चा एकच तंतू घेतला, तर तो जेमतेम १४ ग्रॅम पेलतो. एका पट्टीत असे हजारो तंतू असतात, म्हणून वजन वाटलं जातं.

असं का होतं? एक कारण रचनेत आहे. कमी आचेच्या धाग्यात ग्रॅफाइटचे थर चुरगळलेले, एकमेकांत अडकलेले असतात. एका थराला तडा गेला तर शेजारच्या गुंत्यात तो अडतो. आच वाढली की थर मोठे, सपाट आणि शिस्तीत होतात. ओढायला ताठ, पण तडा सुटला की त्याला अडवायला काही उरत नाही.

दुसरं कारण अधिक बोधक आहे, आणि ते समजायला त्याच फार्नबरोत आणखी चाळीस वर्षं मागं जावं लागतं. १९२० च्या सुमारास ॲलन ग्रिफिथ यांनी तिथं काचेचे तंतू ओढून तोडले आणि दाखवलं, की ठिसूळ वस्तूची ताकद तिच्या बहुसंख्य भागावर ठरत नाही, तिच्यातल्या सगळ्यात वाईट भेगेवर ठरते. कार्बनच्या तंतूलाही हाच नियम लागू पडला. १९७०च्या दशकात वॅट आणि मोरटन यांनी मूळ ॲक्रिलिक धागा धूळमुक्त खोलीत कातून पाहिला. मग तो कितीही तापवला, तरी उतरती ताकद बऱ्याच अंशी सावरली. उच्च तापमानाला धाग्यात अडकलेला धुळीचा कण आजूबाजूच्या कार्बनशी रासायनिक झटापट करतो आणि तिथं खड्डा पाडतो. ताकदीची जी घट आगीच्या खात्यावर लिहिली जात होती, तिचा मोठा वाटा कताईच्या वेळच्या धुळीचा निघाला. आगीनं दोष निर्माण केला नव्हता, आधी असलेला दोष वाढवून दाखवला होता.

म्हणूनच पुढच्या पन्नास वर्षांत कार्बन फायबरची जी प्रगती झाली, ती भट्टी अधिक तापवून फारशी झाली नाही. मूळ धागा अधिक स्वच्छ, अधिक बारीक, अधिक एकसारखा करून झाली. आज तोरेच्या वरच्या प्रतीचा टी-१००० धागा दर चौरस मिलिमीटरला ६०० किलोंच्या वर पेलतो. भट्टी विकत मिळते. निर्दोष धागा कातण्याची कला मिळत नाही. अनेक देश हा माल आणि त्याचं तंत्र निर्यात-निर्बंधांत ठेवतात, त्याचं एक कारण हेच. भारतात बंगळुरूच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजनं या धाग्यावर आणि त्याच्या वस्तूंवर अनेक वर्षं काम केलं. तेजस लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनानं सुमारे ४५ टक्के वाटा असे धागे रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेल्या संमिश्र पदार्थांचा आहे.

ताकद आणि ताठपणा मिळाले, तरी चिवटपणाचा हिशेब बाकी राहतो. रोल्स-रॉइसनं आरबी-२११ या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची केली. हलकी आणि ताठ. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. कंपनीला टायटॅनियमच्या पात्यांकडे वळावं लागलं आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. दिवाळ्याची कारणं अनेक होती, पात्यांचा फटका त्यातलं एक. कार्बनची पाती मोठ्या इंजिनांत परतली ती १९९०च्या दशकात, जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० मध्ये, आणि तीही धारेला टायटॅनियमची पट्टी लावून. कोयत्याच्या गिऱ्हाइकानं जी मागणी एका वाक्यात केली असती, ती तिथं फार महाग किमतीत शिकावी लागली.

मग खोडदला पोलादच का?

आता तबकडीचा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो. पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत २० अंशांचा फरक धरला, तर ४५ मीटरच्या पोलादी तबकडीची रुंदी सुमारे ११ मिलिमीटरनं बदलते. जीएमआरटी ज्या रेडिओलहरी टिपते, त्यातली सगळ्यात आखूड लहर सुमारे २० सेंटिमीटरची. अख्ख्या रुंदीवर पसरलेले ११ मिलिमीटर तिच्या खिजगणतीत नाहीत. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची असूनही लहर गळून जात नाही, त्याचंही कारण तेच.

याउलट चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, आल्मा ही ६६ तबकड्यांची दुर्बीण आहे. ती मिलिमीटरच्या आणि त्याहून आखूड लहरी पाहते. तिच्या तबकड्यांचा पृष्ठभाग २५ मायक्रॉनच्या आत अचूक असावा लागतो. १२ मीटरची तबकडी पोलादी सांगाड्यावर बसवली आणि २० अंशांचा फरक पडला, तर रुंदी जवळपास ३ मिलिमीटरनं बदलेल, म्हणजे परवानगीच्या शंभरपटीहून जास्त. त्यात उन्हाची बाजू आधी तापणार, सावलीची मागून, म्हणजे आकारही वेडावाकडा होणार. म्हणून तिथल्या बऱ्याच तबकड्यांचा मागचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. कार्बनचा धागा तापला की लांबीच्या दिशेनं वाढत नाही, उलट किंचित आखडतो. धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन वाढतं, धागा आखडतो. दोन्हींचं प्रमाण आणि दिशा जुळवली की बेरीज शून्याजवळ आणता येते. हा आखडण्याचा गुणही आचेनंच आलेला. ग्रॅफाइटचे थर जितके शिस्तीत, तितका तो ठळक.

आल्माला ताकद कमी पडत नव्हती, तिला न हलणारा आकार हवा होता. खोडदला ताशी १३३ किलोमीटरच्या वादळात उभं राहणारी, गंजणार नाही अशी, तीस वेळा बांधता येईल इतकी स्वस्त वस्तू हवी होती. तिथं पोलाद हे नाइलाजानं घेतलेलं नव्हे, नेमकं उत्तर होतं.

बांधावरचा काळा दांडा

हा सगळा हिशेब आता बांधावर येऊन ठेपला आहे. फवारणीचा ड्रोन पाण्याची टाकी घेऊन द्राक्षबागेवरून किंवा टोमॅटोच्या प्लॉटवरून जातो, तेव्हा त्याचे हात ताठ हवेत, नाहीतर मोटारींच्या थरथरीनं तोल बिघडतो. म्हणून कार्बन. पण त्यासाठी मधल्या आचेचाच धागा योग्य. अतिताठ धागा पहिल्या आदळण्यातच दगा देईल. उन्हाचं म्हणाल, तर हजार अंशांतून आलेल्या धाग्याला वैशाखाचं ऊन काहीच नाही. त्याला धरून ठेवणारं रेझिन मात्र प्रकारानुसार शंभर-दीडशे अंशांच्या पुढं मऊ पडू लागतं. म्हणून असा दांडा गरम सायलेन्सरजवळ टेकवू नये, आणि हीट गनची हवा लावून वाकवायच्या फंदात पडू नये.

पोलादाची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम शिकावी लागते. कोयता बिघडला की आधी वाकतो, दात पाडतो, इशारा देतो. पुन्हा भट्टीत घालता येतो, पुन्हा पाणी देता येतं, आणि झिजेपर्यंत हे चालू राहतं. कार्बनच्या नळीला पोच येत नाही. ती वरून चकचकीत राहते आणि आतले थर सुटलेले असतात. ड्रोन पडल्यावर नळीवर नाण्यानं टकटक करत जावं. ठणठणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर तिथं थर सुटलेत असं समजावं आणि नळी बदलावी. ठोकून सरळ करण्याचा प्रश्नच येत नाही. पुन्हा आच देऊन तुटलेला धागा जुळत नाही. जुन्या तुकड्यांतून धागा परत मिळवायचा, तर ४५० ते ६०० अंशांवर रेझिन जाळून काढतात. पण तेव्हाही हवा थोडी जास्त झाली की धाग्यावर खड्डे पडतात आणि ताकद घटते.

त्यामुळे दुकानात ‘हे किती मजबूत आहे?’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: वाकणार किती, तुटणार कशानं, आणि तुटण्याआधी सांगणार का? लोहाराकडे जाणारा ऊसतोडकरी यातले दोन प्रश्न तरी न शिकता विचारतो. ड्रोन विकत घेणाऱ्यानं तिन्ही विचारावेत, आणि विकणाऱ्याला उत्तरं देता आली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवावेत.